बार्नवरचा तांब्याचा घोडा: उतरवावा, विकावा की राहू द्यावा?

ओसरीवरची | ३ ऑक्टोबर, रात्री ९:१२

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आम्ही मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात, अगदी खेड्यात राहतो. २०१९ साली जुनं घर घेतलं, त्याच्यासोबत एक मोडकळीला आलेला बार्न, म्हणजे शेतावरचं मोठं कोठार, आला. बार्नच्या छपराच्या मधोमध चौकोनी, जाळीच्या खिडक्यांचा छोटा मनोरा आहे. पूर्वी खाली गवत रचत, त्याला हवा लागावी म्हणून ही सोय. त्याच्या टोकाला पळणारा घोडा आहे, अंदाजे अडीच फुटांचा, हिरवा पडलेला. वारा फिरला की करकरत फिरतो. पाचवीच्या भूगोलात 'वातकुक्कुट' म्हणून आकृती काढून नावं दिली होती, तेच हे. प्रत्यक्षात बघायला वयाची बेचाळीस वर्षं जावी लागली.

तर मागच्या शनिवारी एक गृहस्थ पिकअप घेऊन दारात. गोड बोलणं, डोक्यावरची टोपी हातात. म्हणाले, "ते वर गंजून चाललंय, एखाद्या वादळात कुणाच्या डोक्यात पडेल. मी ८०० डॉलर देतो, आणि त्या जागी नवं चकचकीत फुकट बसवून देतो." नवरा हो म्हणायच्या बेतात होता. मी म्हटलं, आठवडाभर थांबा.

आता तुम्ही सांगा. हे खरंच जुनं असेल का? असेल तर वर ठेवायचं की खाली आणायचं? आणि माणूस स्वतःहून शिडी, मजुरी, वर नवा नग असं सगळं फुकट देतोय, यात काय गोम आहे?

पेठेतला | ३ ऑक्टोबर, रात्री ९:४०

गोम तुम्हीच शेवटच्या ओळीत लिहिली आहे. फुकट या शब्दाचा अर्थ आम्हाला पुण्यात लहानपणीच शिकवतात.

बाकी कुक्कुट म्हणजे कोंबडा. तुमचा घोडा आहे, तेव्हा 'वाताश्व' म्हणावं. शुद्धलेखन तपासून घ्या, शुभेच्छा.

विदर्भ_एक्सप्रेस | ३ ऑक्टोबर, रात्री १०:०५

विका ना ताई, काहून डोक्याला ताप करून घेता? फक्त ८०० ला नाही, २००० सांगा. तो 'बरं' म्हणाला तर समजा ५००० ची वस्तू आहे.

चार्ल्सकाठचा | ३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

@ओसरीवरची, थांबलात ते फार बरं केलंत. मी बॉस्टनला वीस वर्षं आहे आणि या वस्तूंचं मला थोडं वेड आहे. विकत घ्यायची ऐपत नाही, बघत हिंडायचं वेड.

तुमच्या राज्याचा यात मोठा मान आहे. बॉस्टनच्या फॅन्युइल हॉलवर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा नाकतोडा आहे, काचेच्या डोळ्यांचा. शेम ड्राऊन नावाच्या ताम्रकारानं तो १७४२ साली केला. लंडनच्या रॉयल एक्स्चेंजवर असाच नाकतोडा आहे, त्याच्यावरून ही कल्पना आली असं मानतात. १७५५ च्या भूकंपात तो खाली पडला, दुरुस्त होऊन परत वर गेला. १९७४ च्या जानेवारीत चक्क गायब झाला. शहरभर बोंबाबोंब. आणि सापडला कुठे? त्याच इमारतीच्या मनोऱ्यात, जुन्या झेंड्यांच्या ढिगाखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, याचं याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

हा झाला शहरातला, एकट्या कारागिराचा नग. बार्नवरचे घोडे, गाई, कोंबडे ही पुढच्या शतकातली गोष्ट. त्यातले बरेच तुमच्याच राज्यातल्या वॉल्थममध्ये झाले. ॲल्व्हिन ज्यूएल नावाच्या माणसाचा तिथे कारखाना होता. तो १८६७ साली अपघातात गेला, मग कुशिंग आणि व्हाइट या दोघांनी त्याचे साचे घेऊन धंदा वाढवला. वेस्ट ब्रिजवॉटरला जे. हॉवर्ड, न्यूयॉर्कला जे. डब्ल्यू. फिस्क. कॅटलॉग छापून पोस्टानं पाठवायचे, शेतकरी घोडा निवडायचा, रेल्वेनं खोक्यात घोडा यायचा.

फोटो टाका. शक्यतो दोन्ही बाजूंचे, आणि दांडा पोटात जिथे शिरतो तिथला.

कलासक्त | ४ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

कॅटलॉग, साचे, रेल्वे, खोकी. आणि याला म्हणे 'लोककला'! साच्यातून शेकड्यांनी निघालेल्या मालाला लोककला म्हणायचं असेल तर आमच्या घरचा प्रेशर कुकरही लोककला.

तांबट_आळी | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

@कलासक्त, कुकरला शिटी वाजवायला माणूस लागत नाही. या घोड्याला हात लागलेले आहेत. 'साच्यातून काढला' म्हणजे ओतला असं समजू नका. आमचं घराणं कसब्यातल्या तांबट आळीचं. मी स्वतः आता दुसरीकडे नोकरी करतो, पण मठारकामाचा, म्हणजे तांबं ठोकून घडवण्याचा, आवाज कानात घेऊनच मोठा झालो. या नगांच्या कृतीबद्दल वाचलं तेव्हा अर्धं आधीच कळलेलं होतं.

आधी लाकडात घोडा कोरायचा. त्यावरून लोखंडी साचा ओतायचा, डावी बाजू आणि उजवी बाजू वेगळी. मग तांब्याचा पत्रा साच्यात ठोकत ठोकत बसवायचा. इथेच खरी मेख आहे. तांबं ठोकलं की कडक होतं. अजून ठोकलं तर चिरतं. म्हणून मधेच काढून लाल होईपर्यंत तापवायचं, की पुन्हा पिठाच्या गोळ्यासारखं मऊ. परत साच्यात, परत हातोडी. आयाळीच्या खाचा, नाकपुडी, गुडघ्याची वाटी इथे पत्रा ताणला जातो आणि पातळ होतो, फाटतो तोही तिथेच. दोन अर्धुकं झाली की कडा जुळवून डाख लावायचा. शेवटी सोन्याचा वर्ख.

साचा एकच असला तरी दोन घोडे सारखे निघत नाहीत. माझ्या आजोबांचे बंब बाजारात एकाच मापाचे म्हणून जायचे, पण मला अंधारात हात फिरवून त्यांचा कोणता ते सांगता यायचं.

कलासक्त | ४ ऑक्टोबर, सकाळी ९:४८

कौशल्य मान्य. माझा मुद्दा वेगळा आहे. वारली चित्र काढणारी बाई आणि तिचं चित्र यांच्यामध्ये कॅटलॉग नव्हता. हे घोडे तर त्या काळच्या छापील चित्रांवरून उचललेले आहेत. शर्यतीचा घोडा गाजला, त्याचा लिथोग्राफ निघाला, लिथोग्राफवरून साचा. एथन ॲलन, ब्लॅक हॉक, डेक्स्टर ही खऱ्या घोड्यांची नावं. म्हणजे त्या काळचं सेलिब्रिटी पोस्टरच की.

माजघर | ४ ऑक्टोबर, सकाळी १०:३०

मग रविवर्म्याच्या छापील लक्ष्मीचं काय करायचं? चित्रशाळा प्रेसच्या लिथोग्राफचं? माझ्या पणजीच्या देवघरात तसलीच एक सरस्वती होती, साडीवर खरी टिकली आणि जरीची किनार पणजीनं स्वतः चिकटवलेली. कारखान्यातून निघाली तेव्हा माल होती, साठ वर्षं उदबत्तीचा धूर खाऊन झाल्यावर ती आमची होती. घोड्यालाही असंच काही होत असणार. शेतकऱ्यानं पैसे साठवून आणला, गावात सगळ्यात उंच लावला, पोरांनी त्याच्यावर बंदुकीचा नेम धरला.

चार्ल्सकाठचा | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

@माजघर, नेम धरण्याचं गंमत म्हणून लिहिलंत, पण ते शब्दशः खरं आहे. जुन्या नगांवर गोळ्यांची भोकं सर्रास असतात. लिलावाच्या वर्णनात तशी नोंद असते, आणि त्यामुळे किंमत फारशी पडत नाही.

@कलासक्त, 'लोककला' हा शिक्का मुळात कारागिरांनी मारलेलाच नाही. तो मारला शहरातल्या आधुनिक चित्रकारांनी आणि संग्राहकांनी, १९२०-३० च्या सुमारास. त्यांना या सपाट, ठसठशीत आकारांत स्वतःची कला दिसली. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयानं सामान्य माणसाची कला म्हणून प्रदर्शन भरवलं, त्यात हे वातकुक्कुट होते. त्याच्या आधी ती बार्नवरची वस्तू होती, मोडली की भंगारात.

आणि किंमत विचाराल तर २००६ साली जे. एल. मॉट कंपनीचा 'इंडियन चीफ' नावाचा वातदर्शक लिलावात ५८ लाख डॉलरला गेला.

विदर्भ_एक्सप्रेस | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१४

५८ लाख!!! ताई माझा वरचा प्रतिसाद खोडा. ८०० वाल्याला कुत्रं दाखवा.

पेठेतला | ४ ऑक्टोबर, सायंकाळी ६:३०

'इंडियन चीफ' म्हणजे आपले कुणी सरपंच नव्हेत हे विदर्भकरांसाठी स्पष्ट केलेलं बरं.

नदीपल्याड | ४ ऑक्टोबर, रात्री ८:०२

अमेरिकेतल्या आदिवासींचा विषय निघालाच आहे तर. न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्युझियममध्ये 'सेंट टॅमनी' म्हणून साडेआठ फुटी तांब्याचा आदिवासी पुरुष आहे, हातात धनुष्यबाण. बघताना मान वर करूनच राहतो आपण. मूर्ती सुंदर आहे यात वाद नाही. पण ती ज्या मंडळासाठी घडवली त्याचं नाव 'रेड मेन' आणि सभासद सगळे गोरे. ज्यांना जमिनीवरून हाकललं त्यांनाच छपरावर चढवलं, तेही वारा येईल तसे फिरायला. मला तिथे उभं राहून कौतुक आणि किळस दोन्ही एकदम वाटलं. कुणाला नसेल वाटत तर वाद घालणार नाही.

कोंबडीचोर | ४ ऑक्टोबर, रात्री ८:४५

एक बाळबोध शंका. वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत असेल तर बाण दक्षिणेकडे असणार ना? म्हणजे घोड्याचं तोंड जिकडे, तिकडे वारा चाललाय. बरोबर?

निवृत्त_निरीक्षक | ४ ऑक्टोबर, रात्री ९:३०

उलट. तोंड नेहमी वाऱ्याच्या समोर. वारा जिथून येतो ती दिशा तो दाखवतो. आपण नैऋत्य मोसमी वारे म्हणतो ते नैऋत्येकडून येतात म्हणून, नैऋत्येला जातात म्हणून नव्हे. जूनमध्ये कोकणात वातकुक्कुट लावला तर तो समुद्राकडे तोंड करून बसेल.

पुण्याच्या वेधशाळेत आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (१९२८ मध्ये ऑफिस सिमल्याहून पुण्याला आलं, त्यामुळे शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकालाही लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.) सकाळी साडेआठचं निरीक्षण म्हणजे आमची पूजा. पाऊस असो, थंडी असो, वहीत वाऱ्याची दिशा लागलीच पाहिजे.

हे यंत्र फार सोपं आणि फार हुशार आहे. आसाच्या दोन्ही बाजूंना वजन सारखं हवं, नाहीतर ते कलतं आणि घासतं. पण क्षेत्रफळ सारखं नको. शेपटीकडे जास्त हवं, म्हणजे वारा शेपटीला ढकलतो आणि तोंड आपोआप वाऱ्याकडे येतं. आता शेपटी मोठी केली की तिकडचं वजन वाढतं. म्हणून पुढच्या आखूड बाजूला भार घालावा लागतो. आमच्या सरकारी वातदर्शकाच्या टोकाला यासाठीच लोखंडी गोळा असतो. शोभा शून्य. घोडा घडवणाऱ्यालाही हाच हिशेब चुकवता येत नाही, फक्त त्याला गोळा दिसू द्यायचा नसतो.

आणखी एक. छपरावरचा घोडा हवामानाच्या कामाचा नाही. छपरालाच आपटून वारा वेडावाकडा होतो. आम्ही मोकळ्या जागेत १० मीटर उंचीवर बसवतो. पण गवत कापायचं की नाही एवढं शेतकऱ्याला सांगायला घोडा पुरे.

कोंबडीचोर | ४ ऑक्टोबर, रात्री ९:४१

म्हणजे राजकारण्यांना आपण वातकुक्कुट म्हणतो ते चूक. हा बिचारा वाऱ्याला तोंड देतो. ते 'वारा वाहील तशी पाठ' वाले.

मालवणी_खाजा | ५ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

आमच्याकडे वारो खयसून येता ता बघूक कोंबो कित्याक होयो? होडीच्या काठयेर फडको बांधलो की झाला. आज्याक तर फडकोय लागा नाय, कानाक गार लागला काय सांगी, मतलई सुटली.

मांडवीतीर | ५ ऑक्टोबर, सकाळी ९:२०

कोंबड्यावरून आठवलं. गोव्यात जुन्या कौलारू घरांच्या आढ्यावर मातीचे कोंबडे असतात, कुठे शिपाईही. आमच्या मामाच्या घरावर होता. मला लहानपणी वाटायचं की हा वाऱ्यानं फिरतो आणि आपण झोपलो की फिरतो, कारण दिवसा कधी हललेला दिसला नाही. दहाव्या वर्षी कळलं की तो पक्का बसवलेला आहे. अजून थोडं वाईट वाटतं.

चर्चवर कोंबडा का, ते मात्र माहीत असेल सगळ्यांना. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशूनं पीटरला सांगितलं होतं. त्याची आठवण.

राईनकाठी | ५ ऑक्टोबर, दुपारी १:१५

इकडे युरोपात प्रत्येक गावाच्या चर्चवर हा प्राणी असतो. इटलीत ब्रेशाला नवव्या शतकातला, रामपेर्तो बिशपच्या नावाचा कोंबडा संग्रहालयात आहे. चाळणीसारखा झालाय, पण ऐट तीच. अमेरिकेत गेल्यावर कोंबड्याचा घोडा झाला, गाय झाली, मासा झाला, वाफेचं इंजिन झालं. म्हणजे ज्याच्यावर ज्याचं पोट, तो त्याच्या छपरावर. आपल्याकडे ही पद्धत असती तर कोल्हापुरात छपरावर काय असतं?

पेठेतला | ५ ऑक्टोबर, दुपारी १:२२

रस्सा. वारा कुठूनही येवो, वास एकाच दिशेनं.

ग्रीन_माउंटन_गौरी | ५ ऑक्टोबर, सायंकाळी ५:४०

मी व्हरमाँटला आहे, तुमच्यापासून फार लांब नाही. दोन गोष्टी.

एक, शेलबर्न म्युझियम बघून या. इलेक्ट्रा हॅवमायर वेब या बाईंनी १९४७ साली उभं केलं. इमारतीच्या इमारती उचलून आणून मांडलेलं गावच आहे ते. तिथल्या स्टेजकोच इनमध्ये वातकुक्कुट आहेत, आणि मुख्य म्हणजे ते डोळ्यांच्या उंचीवर आहेत. पन्नास फुटांवरून जो नुसता काळा आकार दिसतो, त्याच्या आयाळीतले हातोडीचे ठोके इथे मोजता येतात. मुलांना नेलं होतं, धाकटा म्हणाला, "आई, याला वर कुणी बघणार नव्हतं तरी डोळे का केले?" मला उत्तर सुचलं नाही.

दोन, चोऱ्या. हे गांभीर्यानं घ्या. आमच्या व्हाइट रिव्हर जंक्शन स्टेशनच्या टोकावरचं वाफेचं इंजिन (तेही वातकुक्कुटच) १९८३ साली चोरीला गेलं. जवळजवळ चाळीस वर्षांनी ते एका लिलावात विक्रीला आलं तेव्हा ओळखलं गेलं आणि परत मिळालं. तुमच्या पिकअपवाल्यानं रस्त्यावरून घोडा पाहिलाय, किंमत काढलीय, आणि तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत हेही त्याला माहीत आहे. तो चोर आहे असं म्हणत नाही. पण आजच सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा.

शंकासुर | ५ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सगळे हुरळून गेलेत म्हणून थोडं गार पाणी. बार्नवर दिसणारे बहुतेक घोडे नवे असतात. जुन्या साच्यांवर विसाव्या शतकातही नग काढले गेले, शिवाय बाजारात प्रतिकृतींचा पूर आहे. तांब्याला आम्लाचे हबके मारले की आठवड्यात शंभर वर्षांचा हिरवा रंग येतो. मी मिडवेस्टमध्ये एका जत्रेत असाच 'आजोबांच्या शेतावरचा' कोंबडा घेतला. घरी आल्यावर पोटाखाली देशाचं नाव असलेलं स्टिकर खरवडल्याचा चिकट चौकोन सापडला. भिंतीवर लावलाय. पाहुण्यांना खरं सांगत नाही.

काय बघायचं: हिरवा रंग सगळीकडे सारखा असेल तर संशय घ्या. खऱ्या नगावर खाचांत, कानामागे, मांडीच्या घडीत जुन्या वर्खाची चमक शिल्लक राहते. दांडा जिथे टेकून फिरतो तिथे झीज हवी, शंभर वर्षं फिरलाय तो. आणि लोहचुंबक लावून बघा, तांब्याला ते चिकटत नाही.

ओसरीवरची | ६ ऑक्टोबर, रात्री ९:५५

बाप रे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. 'वाताश्व' घरात रुळलाय.

फोटो काढले, दुर्बिणीतूनही पाहिलं, पण वरचं नीट दिसत नाही. पुढच्या बुधवारी छपरवाला लिफ्ट घेऊन कौलासारख्या त्या फळ्या दुरुस्त करायला येणारच आहे, तेव्हा घोडा खाली उतरवणार.

एक कौटुंबिक अडचण. सासूबाई कराडहून आल्यात. त्यांनी घोड्याकडे बोट दाखवून विचारलं, "तांब्याचाय ना? मग एवढा कळकट का ठेवलाय? खाली आण, पितांबरीनं अर्ध्या तासात लख्ख करून देते." आणि त्या गंमत करत नाहीयेत. बॅगेत दोन पाकिटं आहेत.

तांबट_आळी | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०१

लपवा!!! पाकिटं लपवा!

चार्ल्सकाठचा | ६ ऑक्टोबर, रात्री १०:०३

चिंच, लिंबू, मीठही लपवा. तो हिरवा जंगाल हीच त्याची किंमत. घासलात तर शंभर वर्षं आणि हजारो डॉलर एकदम मोरीत वाहून जातील.

माजघर | ६ ऑक्टोबर, रात्री १०:२०

सासूबाईंची बाजू कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. आपल्याकडे तांबं हिरवं ठेवणं म्हणजे घरात बाई नाही असा अर्थ. कळकलेल्या भांड्यात कुणी ताकही ओतत नाही. त्यांना 'पॅटिना' सांगू नका. 'घोड्याला वर्ख आहे, घासला तर सोनं जाईल' असं सांगा. लगेच हात मागे घेतील.

ओसरीवरची | ७ ऑक्टोबर, सकाळी ८:१५

@माजघर, तुम्हाला साष्टांग नमस्कार. अगदी तेच सांगितलं. आता त्याच सगळ्यांना दटावतायत, "हात लावू नका रे, सोनं आहे."

देशस्थ_दादा | ७ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

विषयांतर: जॉर्ज वॉशिंग्टननं १७८७ मध्ये माउंट व्हर्ननच्या घरासाठी चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबूतर करवून घेतलं होतं, फिलाडेल्फियाच्या जोसेफ रेकस्ट्रॉकडून. राज्यघटना लिहायचं काम चालू होतं त्याच उन्हाळ्यात. माणूस दिवसा देश उभा करतोय आणि संध्याकाळी सुताराला पत्र लिहितोय की पक्षी असा असा हवा. घर बांधणाऱ्या कुणालाही हे लगेच पटेल.

ओसरीवरची | १२ ऑक्टोबर, रात्री ११:३०

उतरवला!

सकाळी दहाला लिफ्ट आली. छपरवाल्यानं खालूनच अंदाज घेतला, "पोकळ आहे, एका हातात येईल." वर जाऊन त्यानं घोडा दांड्यावरून उचलला मात्र, आणि त्याचा पुढचा हात खालीच गेला. तोंडाकडची बाजू भलतीच जड. शेपटीकडची बाजू पत्र्याच्या डब्यासारखी हलकी. अंगणात चादरीवर ठेवल्यावर आम्ही सगळे गोल करून बसलो, बारशाला बसतात तसे.

आता नीट ऐका. डोकं, मान, छाती आणि पुढचे पाय वेगळ्याच धातूचे आहेत. राखाडी, खडबडीत, ओतीव वाटतात. नखानं टिचकी मारली तर 'ठप्' वाजतं. छातीच्या मागे एक सरळ जोड आहे, तिथून पुढे तांब्याचा पत्रा सुरू होतो, हिरवा. तिथे टिचकी मारली की 'टण्ण'. चुंबक दोन्हीकडे चिकटत नाही. दांड्याची नळी मधोमध नाही, चांगली चार बोटं पुढच्या पायांकडे सरकलेली आहे. आत नळीचा वरचा भाग झिजून एका बाजूला लंबगोल झालाय. मागच्या मांडीवर दोन भोकं, कडा आत वळलेल्या. पलीकडून बाहेर वळलेल्या. आणि @शंकासुर, डाव्या कानामागे तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा ठिपका आहे. सासूबाईंनीच शोधला. "बघ, म्हटलं नव्हतं? सोनं."

निवृत्त_निरीक्षक | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

भार पुढे, आस पुढे, मागे हलकं आणि पसरट. आमच्या लोखंडी गोळ्याचंच काम त्यानं घोड्याच्या डोक्याकडून करून घेतलंय! ज्यानं कुणी हे योजलं त्याला आमच्या उपकरण विभागात नोकरी दिली असती.

चार्ल्सकाठचा | १३ ऑक्टोबर, सकाळी ७:१०

माझे हात थरथरतायत. पुढचं अंग ओतीव जस्ताचं आणि मागचं तांब्याच्या पत्र्याचं, ही जे. हॉवर्डच्या घोड्यांची ओळख आहे. १८५० च्या दशकातलं काम. फोटोवरून छातीठोक सांगणार नाही, ही रचना बघून कुणी नंतर नक्कल केलेली असू शकते. पण झिजलेली नळी आणि गोळ्यांची भोकं नक्कल करणारे सहसा इतक्या बेतानं करत नाहीत. एखाद्या स्वतंत्र मूल्यमापकाला पैसे देऊन दाखवा. जो विकतही घेतो अशाला नको.

कलासक्त | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:००

'टण्ण' आणि 'ठप्' वाचून मी माझा कुकरचा दाखला मागे घेतो. अर्धा मागे घेतो.

ओसरीवरची | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१५

उशिरा लिहितेय. मूल्यमापक बाई येऊन गेल्या. आकडा इथे टाकत नाही, रागावू नका. एवढंच सांगते की ८०० च्या पुढे बरीच शून्यं नाहीत, पण ८०० ला दिला असता तर नवऱ्याशी मी आयुष्यभर बोलले नसते. त्याही हॉवर्डच म्हणाल्या. पिकअपवाले गृहस्थ परत आले होते. मी दार उघडलं, मागे सासूबाई उभ्या. "विकायचा नाही," असं मराठीतच सांगितलं त्यांनी. त्यांना कळलं.

पण आता नवीनच पेच. घोडा सध्या दिवाणखान्यात जुन्या पाटावर आहे. परवा रस्त्यापलीकडचे म्हातारे शेतकरी आले. ऐंशी पार केलीय त्यांनी, कधी स्वतःहून बोलत नाहीत. म्हणाले, "घोडा कुठे गेला? गवत कापायचं की नाही ते मी चाळीस वर्षं खिडकीतून त्याच्याकडे बघून ठरवतो. आता टीव्हीवाली बाई सांगते, तिचं चुकतं." नंतर आत येऊन घोड्याजवळ वाकले आणि मांडीवरच्या एका भोकावर अंगठा ठेवला. म्हणाले, "हे माझ्या भावाचं." दुसऱ्याबद्दल काही बोलले नाहीत.

मूल्यमापक बाई म्हणतात, वर ठेवू नका. विमावाले तेच म्हणतात. मला रात्री करकर ऐकू येत नाही म्हणून झोप लागत नाही.

ग्रीन_माउंटन_गौरी | २६ ऑक्टोबर, रात्री १०:४०

भावनेच्या भरात परत वर चढवू नका. इथले बरेच लोक खरा घरात ठेवतात आणि वर प्रतिकृती लावतात.

माजघर | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:२५

मी असते तर वर लावला असता. घरात ठेवलेला घोडा कुठल्या दिशेला तोंड करणार? टीव्हीच्या?

विदर्भ_एक्सप्रेस | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:००

ताई, आकडा व्यनि (खाजगी निरोप) करा. कुणाला सांगत नाही.

तांबट_आळी | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:३५

मी काल रात्री काकांशी बोललो. ते अजून आळीत काम करतात. साचा नाही, पण नुसत्या मठारकामानं जमेल म्हणतात, बंबाचं पोट काढतात तसं घोड्याचं अंग काढू. डोक्यात जस्त ओतता येणार नाही, त्याऐवजी आतून शिशाचा गोळा बसवू, निरीक्षक काका सांगतील तेवढ्या वजनाचा. म्हाताऱ्यांना खिडकीतून घोडा दिसला म्हणजे झालं, आणि खरा तुमच्या पाटावर.

तुम्ही एवढं करा. मोठा ब्राउन पेपर आणा, घोडा त्याच्यावर आडवा ठेवून पेन्सिलीनं कडेनं छाप काढा, नळीची जागा फुलीनं दाखवा. वजन तोंडाकडचं आणि शेपटीकडचं वेगवेगळं घ्या, स्वयंपाकघरातला काटा चालेल. छाप दोन्ही बाजूंचे पाठवा. मागे एका गिऱ्हाइकानं एकाच बाजूचा पाठवला होता, काकांनी त्याला अर्धाच मोर करून दिला.

निवृत्त_निरीक्षक | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:५०

वजनं ग्रॅममध्ये कळवा. पौंडात नको.